बेंबळीच्या खळ्यावरची रोमन पंगत

आमच्या ह्यांचं नाव गोपाळकृष्ण. तोंडानं मी ते घेत नाही, पण लिहायला कुणाची बंदी नाही. हे बेंबळीच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात रोमन लोकांबद्दल बोलायचे. हैदराबादला मास्तरांच्या ट्रेनिंगला गेले होते, तेव्हा रस्त्याकडेच्या ढिगातून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलून आणलं. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन लोक सकाळी उठून काय करत, काय खात, कुठं आंघोळ करत, चाकरांशी कसे वागत, सगळं त्यात होतं. ज्या ट्रंकेतून ते पुस्तक आलं, त्याच ट्रंकेत माझ्यासाठी कबूल केलेली इरकल साडी असायला हवी होती. ती नव्हती.

आमटीत मीठ कमी पडलं की हे सांगायचे, रोमन लोक आमटीत मासे कुजवून काढलेलं पाणी घालत. मी म्हणायची, तुळजापूरला तुमच्या आईंना कळवू का, की चिरंजीव आता हे मागतायत? मग मिठाशिवाय गप जेवायचे. रोमन माणूस अंगाला तेल चोळून वाकड्या पात्यानं मळ खरवडून काढायचा, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी परसात शेजारच्या म्हशीला घासताना बघत होते. मला त्यात नवीन असं काही दिसलं नाही. आपल्या तेरचा माल बैलांवर लादून भडोचला जायचा आणि तिथून जहाजानं रोमला, हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा असा व्हायचा की माल ह्यांनीच बांधून दिला असावा.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही महारुद्र पाटलांच्या घरात दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. पाटील म्हणजे देहानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे आणि मनानं बरे. सकाळी त्यांच्या ओसरीवर माणसं यायची. कुणी नुसता रामराम घालून जायचं, कुणाचं बांधावरून भांडण असायचं, कुणाला ओंजळभर बियाणं हवं असायचं. हे शाळेला निघताना तिथं टेकायचे आणि एक रोमन गोष्ट सांगून उठायचे.

"पाटील, हे तुमचं ओसरीवरचं चालतं ना, हे रोममध्ये अगदी असंच होतं," एकदा हे म्हणाले. "उजाडलं की मोठ्या माणसाच्या दारात माणसं जमायची. नमस्कार करायची. तो त्यांना टोपलीत काहीबाही खायला घालून द्यायचा."

"म्हंजी रोममधी बी पाटील होते?"

"होते की."

"मंग ते सुधारलेले लोक," पाटील म्हणाले. त्या दिवसापासून रोमन लोकांवर त्यांची मर्जी बसली.

त्या फाल्गुनात मात्र पाटलांचं कशातच लक्ष नव्हतं, कारण त्यांचा सालगडी बब्रुवान पाडव्याला जाणार होता.

सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतावर राहणारा गडी. पाडव्याला त्याचं साल भरतं. त्या सकाळी मालकानं पानाचा विडा पुढं करायचा आणि 'सालभर राहतोस का' असं विचारायचं. गडी विडा घेतो, नाहीतर मान हलवून दुसऱ्याच्या दारात जातो. आमच्या भागात हे गुढीइतकंच ठरलेलं आहे. बब्रुवान पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे निजाम गेला तेव्हा, पाटलांकडं आला तो तिथंच राहिला. पाटलांचे बैल त्याच्याशिवाय कुणाला खांद्याला हात लावू देत नव्हते. पाटलांना मुलगा नव्हता. एकुलती मुलगी लग्न होऊन परंड्याला गेली होती, आणि पाटलांचा गुडघा दोन पावलांवर कुरकुरायचा. थोडक्यात, बब्रुवान गेला की पाटलांची शेती बसली. हे सगळ्या बेंबळीला माहीत होतं, आणि पलीकडच्या शिवारातल्या अण्णारावांना तर फारच चांगलं माहीत होतं. त्यांनीच बब्रुवानला बोलावणं धाडलं होतं.

पाटलांनी करायचं ते सगळं केलं. नवं घोंगडं देऊ केलं, ज्वारी वाढवून देऊ केली, कोट शिवून देतो म्हणाले. उन्हाळ्यात कोट घेऊन तो काय करणार, हे कुणी त्यांना विचारलं नाही. बब्रुवान प्रत्येक वेळी खाली बघून म्हणायचा, "बघू, मालक."

त्याची बायको लक्ष्मीबाई मला पाणी आणून द्यायची. मी तिला खोदून विचारलं, का गं जाताय?

"मला तरी कुठं सांगत्यात," ती म्हणाली. "निसतं म्हणत्यात, मन उठलं. आता मन उठलं तर खाली कसं बसवायचं, मास्तरीणबाई?"

अशात एका सकाळी ह्यांनी ओसरीवर रोमन सणाची गोष्ट काढली. मी आणि पाटलीणबाई, म्हणजे धुरपदाबाई, आत दाराआड ज्वारी पाखडत होतो. धुरपदाबाईंचा सगळा जन्म त्या घराच्या चुलीपाशी गेलेला. बोलायच्या कमी, पण एकदा बोलल्या की ऐकणाऱ्याला जागा बदलून बसावं लागायचं.

"शेतीची कामं आटोपली," हे सांगत होते, "की रोमन लोक एक सण करायचे. त्या दिवशी सगळं उलटं. मालकानं चाकरांना पंगतीत बसवायचं आणि स्वतः वाढायचं. रोज जे वाढतात ते बसणार, रोज जे बसतात ते वाढणार. चाकरानं त्या दिवशी मालकाला काहीही बोलावं, मालकानं रागवायचं नाही. चिठ्ठ्या टाकून एकाला राजा करायचं. त्याचा हुकूम सगळ्यांनी पाळायचा. जुगारालासुद्धा त्या दिवशी मुभा."

शेवटच्या वाक्याला पाटील जरा सावरून बसले.

"आन् चाकर खूश हुतो मंग?"

"वर्षभर त्याची आठवण काढतो."

पाटलांच्या डोक्यात काय शिजलं ते दाराआडून आम्हाला वासानंच कळलं.

तेवढ्यात धोंडीबानं तोंड घातलं. धोंडीबा पाटलांचा म्हातारा गुराखी. कानानं अधू, पण नको ते बरोबर ऐकायचा. "ते रोमातले चाकर म्हंजी आमच्यावानी सालगडीच म्हणा की."

"नाही, धोंडीबा. ते गुलाम होते," हे म्हणाले. मास्तर माणूस, फरक समजावून सांगितल्याशिवाय शाळेला जायचा नाही. "सालगड्याला पाडवा असतो. मालक विचारतो, राहतोस का. तो हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. गुलामाला पाडवा नाही. ज्याला कुणी विचारतच नाही, तो गुलाम. एवढाच फरक, पण केवढा फरक."

बब्रुवान ओसरीच्या पायरीशी कासरा वळत बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. माझ्या शेजारचं सूप मात्र थांबलं.

"मास्तर," धुरपदाबाई दाराआडून म्हणाल्या, "तो कायदा परत एकदा सांगा. रोज वाढणाराचा."

ह्यांना वाटलं, पाटलीणबाईंना इतिहासाची गोडी लागली. त्यांनी मोठ्या हौसेनं परत सांगितलं. रोज जे वाढतात ते बसणार, रोज जे बसतात ते वाढणार.

"बरं," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि सूप पुन्हा चालू झालं.

दुपारपर्यंत पाटलांनी ठरवून टाकलं. रास घरी आली की खळ्यावर रोमन जेवण घालायचं. बब्रुवानला, लक्ष्मीबाईला आणि धोंडीबाला बसवायचं, पाटील स्वतः वाढणार. हे म्हणाले, रोमन लोक हा सण डिसेंबरात करत. पाटील म्हणाले, "आमची सुगी फाल्गुनात सरती. रोमन लोकांनी जरा आमच्या सवडीनं घ्यावं." रोमन लोकांनी हरकत घेतली नाही.

ह्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेलं आता डोळ्यांनी दिसणार होतं. जेवणाची बैठक कशी असायची, टोपी कुठली घालायची, सगळं मनाशी घोकत होते. मला म्हणाले, "बघच, बब्रुवान राहतो की नाही."

मी म्हणाले, "रोमन गुलाम राहायचे का?"

"त्यांना जायलाच येत नव्हतं."

"मग उपयोग काय झाला सणाचा?" मी विचारलं. ह्यांनी शाळेची घंटा ऐकू आल्यासारखं केलं. रविवार होता.

खळं शेणानं सारवून घेतलं होतं. बाजूला मोठी चिंच होती, तिच्या सावलीत ह्यांनी घोंगड्या अंथरल्या आणि प्रत्येक घोंगडीच्या डाव्या बाजूला ज्वारीचं अर्धं पोतं लोडासारखं लावलं. रोमन माणूस डाव्या कोपरावर रेलून, आडवा होऊन जेवायचा. पाटलांनी फेटा उतरवून साधी पांढरी टोपी घातली, कारण रोममध्ये त्या दिवशी मालकसुद्धा सुटलेल्या गुलामाची टोपी घालत. फेट्याविना पाटील मी पहिल्यांदाच पाहिले. एकदम कुणाचेतरी काका वाटायला लागले.

स्वयंपाक धुरपदाबाईंनी, मी आणि लक्ष्मीबाईनं केला होता. त्याबद्दल पुस्तकात काय लिहिलंय हे कुणी बघितलं नव्हतं. पुरणपोळी, येळवणीची आमटी, गुळवणी, भजी, कुरडया. टोपल्या खळ्यावर आल्या. पळसाच्या पत्रावळी मांडल्या.

"आडवा हो, बब्र्या," पाटील प्रेमानं म्हणाले.

"आजाऱ्यावानी?"

"रोमन लोक तसंच जेवत," हे म्हणाले.

"त्यांच्यात निरोगी कुणी न्हवतं का, मास्तर?" म्हणत बब्रुवान पोत्याला पाठ लावून मांडी घालून बसला. धोंडीबा मात्र आज्ञाधारक. तो डाव्या कोपरावर रीतसर रेलला आणि पहिला घास यायच्या आत झोपी गेला. हे मला हळूच म्हणाले, रोममध्येही असं होत असावं.

पाटलांनी पोळ्यांची टोपली उचलली. गुडघा कुरकुरला. आणि नेमक्या त्याच वेळी धुरपदाबाईंनी हात धुतले, पदर खोचला आणि लक्ष्मीबाईच्या शेजारी घोंगडीवर जाऊन बसल्या. बसल्या म्हणजे चांगल्या पोत्यावर कोपर टेकून.

"या मास्तरीणबाई," त्या मला म्हणाल्या. "जागा हाय."

आपल्या घरचं माणूस समोर उभं असताना पंगतीत बसायचं, तेही खळ्यावर, तेही मळ्यातल्या माणसांच्या रांगेत. तुळजापूरच्या आमच्या घरी कळलं असतं तर मला महिनाभर कुणी पाण्याला शिवू दिलं नसतं. मी बसले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"हे काय चाललंय?" पाटील म्हणाले.

"रोमन," धुरपदाबाई म्हणाल्या.

"आगं, मालक वाढणार, गडी बसणार, असं हाय ते."

"मास्तरांनी दोनदा सांगितलंय. रोज जे वाढतात ते बसणार. या घरात रोज कोण वाढतंय?"

पाटलांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी काखेतलं पुस्तक उघडलं, चाळलं आणि मिटलं. "बायकांचं वेगळं असं काही दिलेलं नाही."

"म्हंजी मनाई न्हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "वाढा."

असं वाढप मी पुन्हा पाहिलं नाही. पाटलांना मीठ कुठल्या बाजूला वाढतात ते माहीत नव्हतं. ह्यांनी गुळवणी आमटीत ओतली आणि आमटी पोळीवर. लिंबाच्या फोडी शोधायला पाटील तीनदा वाकले आणि तिन्ही वेळा भज्यांची टोपली हाती लागली. लक्ष्मीबाई बिचारी लाजून मान वर करत नव्हती. पाटील पोळी घेऊन समोर आले की ती सवयीनं उठायला बघायची, आणि धुरपदाबाई तिचा पदर धरून खाली बसवायच्या.

"गरम हाय," पहिला घास घेऊन धुरपदाबाई म्हणाल्या. पोळीकडं नवल असल्यासारखं बघत होत्या. "म्या केलेली पोळी गरम असताना कशी लागती ते मला आजवर ठावं न्हवतं. बरी हुती की."

पाटलांनी धुरपदाबाईंच्या पोळीवर आणखी तूप वाढलं.

मग राजा निवडायचा होता. ह्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या करायला घेतल्या, पण धुरपदाबाई म्हणाल्या, चिंचेखाली बसून कागद कशाला. त्यांनी कमरेच्या पिशवीतून चिंचोके काढून तांब्यात टाकले. एक घासून पांढरा केलेला. तो ज्याच्या हाती लागेल तो राजा. तांब्या फिरला. सगळ्यांचे काळेच निघाले. शेवटी राहिलेला धुरपदाबाईंनी काढला, तो पांढरा. माझा चिंचोका काढताना मी तांब्यात नीट पाहिलं होतं, आणि तांब्यात पहिल्यापासून पांढरं काही होतं असं मला वाटत नाही. पण राजाच्या निवडीबद्दल प्रजेनं फार खोलात जाऊ नये.

"राजा म्हणा, राणी न्हाय," धुरपदाबाईंनी सांगितलं. पहिला हुकूम, मास्तरांनी विहिरीचं पाणी आणावं. हे घागर घेऊन गेले आणि अर्धी भरून आणली, उरलेली धोतरावर. दुसरा हुकूम, धोंडीबाला कुणी उठवू नये. तिसऱ्याला त्यांनी हात पुसले आणि बब्रुवानकडं वळल्या.

"बब्रुवान, आज काय बी बोलायची मुभा हाय. मालक रागवणार न्हाईत. खरं सांग, का चाललास?"

पाटील आमटीची पळी हातात धरून उभे होते. इतके दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते आता समोर आलं होतं, आणि त्यांना ते ऐकायचं होतं असंही दिसत नव्हतं.

बब्रुवान पत्रावळीकडं बघून बोलला. "मालक, म्या पोलीस ॲक्शनच्या साली आलो. त्या पाडव्याला तुमी विडा दिला, राहतोस का म्हणून इचारलं. म्या व्हय म्हणलो. त्याच्या म्होरल्या पाडव्याला म्या अंगूळ करून, टोपी घालून ओसरीफुडं हुबा राहिलो. तुमी म्हणला, आरं बैलं सोड की, हुबा का? त्याच्या म्होरल्या साली बी तसंच. मंग म्या हुबं राहायचं सोडलं."

"आरं, घरच्या माणसाला काय विचारायचं?" पाटील कळवळून म्हणाले. "नव्या गड्याला विचारत्यात. तुला विचारलं तर तुलाच परकं वाटंल म्हणून..."

"तसं बी असंल, मालक. पर मला घरचं वाटलं न्हाय. खुंट्यावरचं वाटलं. काय टोचतंय त्येच कळत न्हवतं. त्या दिशी मास्तर म्हणले, ज्याला कुणी इचारत न्हाय त्यो गुलाम. तवा कळलं."

ह्यांनी ओल्या धोतराचा सोगा पिळायला घेतला.

"पर अण्णाराव असं देतोय तरी काय?" पाटलांनी विचारलं.

"तुमच्याइतकंच. जास्ती काय न्हाय," बब्रुवान म्हणाला. "त्यांनी इचारलं."

पाटलांचा चेहरा पडला. रागानं नव्हे, मी नीट बघत होते. आपण ज्याला माया समजत होतो ते समोरच्याच्या ताटात काय होऊन पडत होतं, हे कळल्यावर माणूस जसा दिसेल तसे ते दिसत होते. मला त्यांची दया आली, आणि बब्रुवानची जास्त आली.

"राजाचा हुकूम काय हाय?" पाटलांनी हळू आवाजात विचारलं.

"त्यात हुकूम कशाला पायजे?" धुरपदाबाई म्हणाल्या.

पाटलांनी पळी टोपात ठेवली. हात धोतराला पुसले. विडा कुणी आणला नव्हता, म्हणून ते खाली वाकले, गुडघा मोठ्यानं कुरकुरला, आणि टोपलीतली एक पोळी दोन्ही हातांत घेऊन त्यांनी बब्रुवानपुढं धरली.

"बब्रुवान," ते म्हणाले. बब्र्या म्हणाले नाहीत. "सालभर राहतोस का?"

बब्रुवान उठून उभा राहिला. पोळी घेतली, कपाळाला लावली. "राहतो, मालक."

लक्ष्मीबाईनं डोळ्याला पदर लावला. हे टाळी वाजवणार होते, मी डोळ्यांनीच दटावलं. पाटलांनी एवढा मोठा श्वास सोडला की पत्रावळीवरची कुरडई हलली. झालं, सगळं मनासारखं झालं होतं. त्यांनी पळी उचलली आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, "आता कुणाला आमटी?"

"राजाचा आणखी एक हुकूम हाय," धुरपदाबाई म्हणाल्या.

"बोल. बोला."

"आता मला इचारा."

"काय?"

"त्येच."

पाटील हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाहीये.

"लग्नात म्या आईच्या मांडीवर झोपले हुते," धुरपदाबाई म्हणाल्या. आवाज तोच, ज्वारीचा भाव सांगावा तसा. "झोपेतच अक्षता पडल्या. उठले तवा गाडीत हुते. त्या वक्ताला लहान हुते, कोण इचारणार? पर मोठी झाल्यावर तर इचारता आलं असतं. इतके पाडवे आले आन् गेले. गड्याला येक सालतरी विडा मिळाला, मला तेवढा बी न्हाय. बब्रुवाननं सांगितलं तसंच मला बी टोचत हुतं. फकस्त मला जायला अण्णाराव न्हवता."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पुस्तकाकडं बघत होते. पण दोन हजार वर्षांपूर्वीचं कुणी मदतीला आलं नाही.

पाटील धुरपदाबाईंसमोर येऊन उभे राहिले. टोपी एका कानावर घसरली होती. सगळ्या गावाला आवाजानं उठवणारा माणूस, त्याचा आवाज मला चार हातांवरून जेमतेम ऐकू आला.

"राहतीस का?" ते म्हणाले.

धुरपदाबाईंनी सावकाश घास संपवला.

"पाडव्याला सांगते," त्या म्हणाल्या. "पोळी वाढा."

पाडव्याला आठवडाभर अवकाश होता. तो आठवडा पाटलांनी कसा काढला ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. पाणी तापवून देऊ का, विचारायचे. गुडघ्याला तेल लावायला कुणाला हाक मारायचे नाहीत. एका दुपारी तर चुलीपुढं बसून फुंकणी फुंकत होते आणि घरभर धूर करून ठेवला. ओसरीवर माणसं यायची तर पाटील म्हणायचे, लवकर आटपा, आत काम हाय. लोकांना वाटलं, रोमन जेवण अंगी लागलं नाही. खरं म्हणजे ते घाबरले होते. बब्रुवान जाईल म्हणून घाबरले होते, त्यापेक्षा किती तरी जास्त.

"जाल का हो काकू?" मी पाटलीणबाईंना एकदा विचारलं.

"कुठं जाणार," धुरपदाबाई म्हणाल्या. "पर त्यांना तसं सांगू नका. आठ दिस कुणी वाट बघतंय, बरं वाटतंय."

ह्यांनाही कुठंतरी लागलं असावं. एका संध्याकाळी पुस्तक बाजूला ठेवून घसा खाकरून म्हणाले, "सरोजिनी, तू राहतेस ना?"

मी म्हणाले, "राहतेस ना म्हणजे विचारणं नाही, सही मागणं आहे. आधी नीट विचारायला शिका. आणि ती इरकल कुठं राहिली?"

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली. बब्रुवान आंघोळ करून, नवी टोपी घालून ओसरीपुढं ताठ उभा होता. पाटलांनी त्याला रीतसर विडा दिला, रीतसर विचारलं, आणि त्यानं सगळ्या गावासमोर मोठ्यानं "व्हय, राहतो" म्हटलं. अण्णारावांचा माणूस कोपऱ्यावर उभा होता तो रामराम घालून गेला. माणसं पांगू लागली.

पाटलांच्या हातात आणखी एक विडा होता. तो घेऊन ते आत गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबले. उंबरा ओलांडायचा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. आमच्या खोलीचं दार समोरच होतं, ते मी लावून घ्यायला हवं होतं. लावलं नाही.

धुरपदाबाई कडुलिंबाची पानं वाटत होत्या. त्यांनी हात धुतले, पुसले, आल्या. पाटलांनी विडा पुढं धरला.

"राहतीस का?"

त्या विड्याकडं बघत राहिल्या. मग घेतला.

"येका सालाच्या बोलीनं," त्या म्हणाल्या. "म्होरल्या पाडव्याला परत इचारायचं."

"मंजूर," पाटील म्हणाले.

आम्ही बेंबळीत होतो तोवर त्यांनी एकही पाडवा चुकवला नाही. शेवटच्या पाडव्यालाही मी पाहिलं, विडा हातात घेऊन ते पहिल्या सालासारखेच उंबऱ्यापाशी अडखळून उभे होते.